दुसरं कडवं

प्रिय आगुस्तीन,

आत्ताच लायब्ररीतून आले. पायातले बूटही काढले नाहीत, सरळ डायनिंग टेबलाशी बसले आणि लिहायला घेतलं. मला तुझ्याशी भांडायचंय, आणि भांडण गरम असतानाच झालेलं बरं. थंड झालं की मला रडू येतं आणि मग मुद्दा राहून जातो, हे तुला चांगलं ठाऊक आहे.

आज तुझी कविता वाचली. कोणी? मी! तुझ्या त्या रविवारच्या चिनी कवितेच्या वर्गाचा वर्षअखेरचा कार्यक्रम होता. मिसेस लिननी स्वतः फोन करून मला बोलावलं. तुला जाऊन चार महिने झाले, आपल्या वेस्टमीडमधले सगळे जकरांडा जांभळे फुलून गाड्यांच्या टपांवर गळायला लागले, मृतांच्या दिवसाची मिस्सासुद्धा झाली. तोवर मी तुला एक ओळ लिहिली नव्हती. आणि का लिहू? तू मला काय लिहिलं होतंस?

आठवतं ना, तू आधी एकटाच आलास सिडनीला, आणि मी शेरलला कडेवर घेऊन दोन वर्षं वसईला तुझ्या आईकडे. तुझी पत्रं यायची. ‘इथे थंडी आहे. इथल्या झाडांची पानं गळत नाहीत, सालं गळतात. लॅबमध्ये काम खूप आहे. ट्रेन वेळेवर येते. तब्येत सांभाळ.’ संपलं पत्र! पोस्टमन बिचारा उन्हातून यायचा, आणि मी पाकीट उलटं करून बघायची, आत अजून एखादा कागद अडकलाय का म्हणून. सासूबाई विचारायच्या, ‘काय म्हणतो आगू?’ मी सांगायची, ‘झाडांची सालं गळतात म्हणतो.’

अशा माणसाला रिटायर झाल्यावर कविता सुचावी, हा म्हातारचळ नाही तर काय?

पण मला काही फार नवल वाटलं नाही, खरं सांगते. आपल्या ग्रुपमध्ये कोणाची पन्नाशी असो की कोणाचा फेअरवेल, जुन्या सिनेमाच्या चालीवर नवे शब्द बसवून गाणं करायचं काम तुझ्याकडेच यायचं. कुलकर्ण्यांच्या घरभरणीला तू त्यांच्या होमलोनवर गाणं केलंस आणि ते हसता हसता रडायला लागले! म्हणून लायब्ररीतल्या त्या फुकट वर्गाला पहिल्यांदा जाऊन आलास तेव्हा दारातूनच ओरडलास, “फिलू, अगं चिनी लोक हजार वर्षांपूर्वी हेच करायचे! चाल आधी, शब्द नंतर! मी वीस वर्षं करतोय तेच!” मी म्हटलं, आधी चपला काढ, मग हजार वर्षांपूर्वी जा.

म्हटलं, नव्याचे नऊ दिवस. चिनी भाषेचं एक अक्षर येत नव्हतं तुला. पण मिसेस लिन पडल्या खमक्या. नान्जिंगला कॉलेजात आयुष्यभर हेच शिकवलेलं, इथे नातवंडं सांभाळायला आल्या, आणि नातवंडं मोठी होऊन फोनमध्ये तोंड घालून बसल्यावर बाईंनी लायब्ररीत वर्ग काढला. त्यांनी तुला सांगितलं, भाषा येत नाही तर नको येऊ दे, साचा घे आणि तुझ्या भाषेत भर. झालं! तू पेटलास.

आपल्या फ्रिजवर मग तो तक्ता लागला. काळे गोल, पांढरे गोल, ओळी लहानमोठ्या. पांढरा गोल म्हणजे सपाट सुरात म्हणायचं अक्षर, काळा म्हणजे वरखाली होणाऱ्या सुरातलं. मराठीत तसे सूर नाहीत, म्हणून तू पांढऱ्याला दीर्घ अक्षर धरलंस आणि काळ्याला ऱ्हस्व. वरच्या अर्ध्यात एक कडवं, खालच्या अर्ध्यात तसंच दुसरं. त्या तक्त्यामुळे माझी किराण्याची यादी खाली ढकलली गेली, ती आजतागायत खालीच आहे.

आणि बोटं! जेवताना बोटं, बसस्टॉपवर बोटं, रोजरी म्हणतानासुद्धा मांडीवर तुझी बोटं टकटक टकटक. मी पस्तीस वर्षं नर्स होते, आगुस्तीन. साठीच्या माणसाची बोटं बसल्या जागी हलायला लागली की मला कविता आठवत नाही, मला पार्किन्सन्स आठवतो. तुला न सांगता जीपीची अपॉइंटमेंट घेतली. रात्रंदिवस तुझ्या चालण्याकडे बघत होते, चहाचा कप उचलताना हात थरथरतो का ते बघत होते. आणि तू तिथे डॉक्टरसमोर बसून काय म्हणालास? “नथिंग इज राँग, मेट. आय ॲम कंपोझिंग.” तो पोरगेला डॉक्टर माझ्याकडे बघून असा हसला की मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. गाडीत तू मला म्हणालास, “एवढं घाबरलीस?” मी म्हटलं, “मेडिकेअरवर फुकट होतं म्हणून नेलं.” तेव्हा तू स्टिअरिंगवर बोटं वाजवायला लागलास.

जेवणाच्या टेबलावर तुझा वर्ग पुन्हा भरायचा, विद्यार्थी मी एकटी. सगळ्यात आधी शेतातली गाणी, प्रेमाची, लढाईवर गेलेल्यांची, आखूड आखूड ओळींची. मग राजाने म्हणे एक सरकारी खातंच काढलं, गावोगावची गाणी गोळा करायचं. (मी विचारलं, त्या खात्यात पर्मनंट पोस्ट होती का? तू हसला नाहीस.) मग दरबारातल्या विद्वानांनी ओळी सारख्या कापल्या, पाच अक्षरांच्या नाहीतर सात अक्षरांच्या, शंकरपाळ्या कापाव्यात तशा. आणि मग वाळवंट ओलांडून व्यापाऱ्यांबरोबर परक्या मुलखाच्या चाली आल्या. त्या चाली शंकरपाळ्यांत बसेनात. म्हणून लांबआखूड ओळींची ही नवी कविता जन्माला आली, तिला म्हणायचं ‘त्स’. मी म्हटलं, हे काय नाव झालं, जिभेला चटका बसल्यासारखं!

“आणि ही गायचं कोण?” मी विचारलं.

“कलावंतिणी,” तू आमटी वाढून घेत म्हणालास. “दारूच्या गुत्त्यांत, बैठकीत. त्यांना चाल यायची, शब्द हवे असायचे. मग हे मोठमोठे अधिकारी लपूनछपून लिहून द्यायचे.”

“चर्चच्या कॉयरमध्ये पहिल्या रांगेत उभा राहणारा माणूस तू! फादरांना सांगू का?”

“सांग. दावीद राजाची स्तोत्रंही चालीवरच म्हणायचे, म्हणावं.”

उत्तर मात्र तयार असायचं तुझ्याकडे! फक्त चिनी कवितेबद्दल विचारलं तर.

पुढचं ऐकून मी खरीच चिडले होते, ते आठव. तू म्हणालास, त्या गाण्यांमध्ये सगळीकडे एक बाई असते. नवरा दूरदेशी गेलाय, ती खिडकीशी बसून वाट बघतेय, पावडर पुसली गेलीय, दिवा विझत आलाय. आणि हे सगळं लिहिलंय कोणी, तर पुरुषांनी! बाईच्या आवाजात! मी पोळी तव्यावर तशीच टाकून आले. म्हटलं, जायचं यांनीच, आणि मागे राहिलेल्या बाईला काय वाटतं तेही हेच सांगणार? तिला विचारलं का कोणी? तुझं तोंड एवढंसं झालं. “तसं नाही गं,” म्हणालास. मग कसं, ते काही सांगितलं नाहीस. पोळी करपली ती वेगळीच.

आणि नंतर कधीतरी, महिनाभराने असेल, तो बोंबलाचा दिवस. फ्रोझन बोंबील मिळाले होते, मी तळत होते, एक्झॉस्ट फॅन घोंघावत होता, तेल उडत होतं. तू दाराशी येऊन उभा राहिलास. “फिलू, तू वसईला होतीस ना, ती दोन वर्षं, तेव्हा तुला काय वाटायचं?”

तीस वर्षांनी! वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. मी म्हटलं, “काय वाटणार? विहिरीचं पाणी भरायचं असायचं. बाजूला हो, तेल उडतंय.” तू बाजूला झालास. एवढा बाजूला झालास की पुन्हा कधी विचारलंच नाहीस.

अरे, मग सांगायचंस ना, की कवितेसाठी हवंय म्हणून! की दुसरं कडवं अडलंय म्हणून! मी गॅस बंद केला असता. बोंबील काय पळून जात होते?

जुलैमध्ये सकाळी तू दूध आणायला गेलास आणि दुकानाच्या दारात पडलास. ज्या हॉस्पिटलात आपण दोघांनी आयुष्य काढलं तिथेच तुला आणलं, आणि माझ्याच जुन्या वॉर्डातल्या मुलींनी मला खुर्चीवर बसवलं. सगळं त्यांनी नीट केलं, कोणाबद्दल काही म्हणायचं नाही मला. तुझा उजवा हात माझ्या हातात होता आणि बोटं हलत नव्हती. अपॉइंटमेंट घेतली होती तेव्हा मी देवाकडे नेमकं हेच मागितलं होतं, की ही बोटं शांत होऊ देत.

दफनाला मिसेस लिन आल्या होत्या, पांढरा शर्ट घालून. नंतर एकदा घरी आल्या तेव्हा सोबत एक कागद होता, तू वर्गात दिलेला. त्या म्हणाल्या, पहिला अर्धा भाग पुरा आहे, दुसरा त्याने लवकर आणतो म्हणून सांगितलं होतं. वर चिनी चालीचं नाव. ती चाल आता कोणालाच येत नाही, हे तूच सांगितलं होतंस मला. या सगळ्या चाली हरवल्या, उरली फक्त त्यांची नावं आणि गोलांचे तक्ते. आणि नावाचा आतल्या मजकुराशी काही संबंध नसतो, नावात फुलपाखरू असलं तरी आत भलतंच काही निघतं. खाली तुझं मराठी, तुझ्या त्या मुंगीएवढ्या अक्षरात:

कारपार्क रिता, शिफ्ट सुटली,
जांभळा सडा टपावर.
पांढरे काकाकुवे भांडत गेले
नदीवर.
कुठल्याशा खिडकीत दिवा लागला,
पडदा हलला वाऱ्यावर.

मी ते किती वेळा वाचलं, विचारू नकोस. कारपार्क आहे, झाड आहे, काकाकुवे आहेत. मी कुठे आहे? ‘कुठल्याशा’ खिडकीत म्हणजे कुठल्या? वॉर्डाच्या, की आपल्या? आपल्या खिडकीला पडदे नाहीत, ब्लाइंड्स आहेत. वसईच्या घराला पडदा होता, निळा, पण तिथे कारपार्क कुठला? मी मिसेस लिनना इंग्रजीत अर्थ सांगून विचारलं, ही खिडकीतली व्यक्ती कोण? त्यांनी बोटाने कागदावरच्या ओळी मोजल्या. मग म्हणाल्या, “पहिल्या कडव्यात देखावा असतो. माणूस दुसऱ्या कडव्यात येतं. पद्धतच आहे तशी.”

पद्धत! म्हणजे तीस वर्षं तू पद्धतीने वागत होतास तर! पत्रात झाडांची सालं, कवितेत काकाकुवे, आणि फिलोमिना पुढच्या कडव्यात. पुढचं कडवं कुठाय, आगुस्तीन?

शेरल म्हणाली, “ममा, यू फिनिश इट. इट्स स्वीट.” म्हटलं, मला औषधाच्या चार्टपलीकडे काही लिहिता येत नाही. मग तिने फोनवर त्या एआयला तुझं कडवं टाकलं आणि दुसरं मागितलं. पोरीचा हेतू वाईट नव्हता. क्षणात आलं की! त्यात चंद्र होता, आसवं होती आणि ‘प्रिये’ होतं. प्रिये! जन्मात तू मला प्रिये म्हटलं असतंस तर मी आधी तुझा ताप बघितला असता. मी शेरलला ते पुसायला लावलं. ती म्हणाली, “बट पपा वुड हॅव सेड समथिंग लाइक धिस, राइट?” तिलाही माहीत नाही आणि मलाही माहीत नाही.

तर आजचं सांगते. लायब्ररीच्या मागच्या खोलीत सगळे गोल बसले होते. लिन बाईंनी मला तुझं कडवं वाचायला लावलं. मी वाचलं. मग त्या सगळ्यांना म्हणाल्या, दुसऱ्या कडव्याचे शब्द नाहीत, पण माप आहे, आपण ते माप धरू या. आणि सगळ्यांनी टेबलावर बोटं वाजवायला सुरुवात केली. लांबआखूड ओळींच्या मापाने, मधे थांबून, पुन्हा. सगळी म्हातारी माणसं, कोणाला मराठी येत नाही, आणि तुझी टकटक सगळ्यांच्या हातात! मीही वाजवली. तक्ता फ्रिजवर बघून बघून मला पाठ झाला होता, ते मलाच आज कळलं.

मी डोळे मिटून घेतले. खरं सांगते, मला वाटलं होतं काहीतरी ऐकू येईल. शब्द नाही आला तरी एखादं अक्षर. मी कान देऊन बसले होते, त्या वसईच्या पाकिटात हात घालावा तशी. एसीचा आवाज आला. कोणाचा तरी फोन वाजला आणि बंद झाला. टकटक संपली. लोकांनी चहा घेतला. एक आजी येऊन मला मिठी मारून गेल्या आणि म्हणाल्या, “ही इज हिअर विथ अस.” मी थँक्यू म्हटलं. तू नव्हतास तिथे. मी नीट ऐकलं होतं.

बरं, आता मी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते. गॅस बंद आहे.

वसईवरून विमानं जायची ना, मुंबईला उतरणारी, खालून खालून. शेजारची लूसी प्रत्येक विमानाला वर बघायची, तिचा नवरा कुवेतला होता. मी बघायची नाही. विहिरीवर असले की दोर घट्ट धरून मान खाली घालायची. वर बघितलं तर लोकांना कळलं असतं, ही वाट बघतेय. शेरल बोट दाखवायची, ‘पपा, पपा’, तर मी तिचा हात खाली करायची. तुझी आई म्हणायची, पोरगी दगडाची आहे. विमान गेलं की मी आत जाऊन त्या निळ्या पडद्यामागे उभी राहायची, आवाज पूर्ण विरेपर्यंत. तो पडदा वाऱ्याने हलायचा नाही, आगुस्तीन. मी धरलेला असायचा.

असं वाटायचं मला. झालं का समाधान? एवढं एका कडव्यात बसलं असतं का तुझ्या?

तेव्हा निदान विमान होतं. आता मान वर केली काय आणि खाली घातली काय. फादर म्हणतात आपण भेटू, पुनरुत्थानाच्या दिवशी सगळे भेटतील. म्हणोत बापडे. मी मिस्सेला जाते, उभी राहते, बसते, आणि घरी येऊन फ्रिजवरचा तक्ता बघते. खालचे गोल सगळे तसेच आहेत.

एक काम मात्र चार महिने अडवून धरलंय मी. तुझ्या कबरीचा दगड. शेरलने दोघांची जागा घेतलीय, दगडही दोघांचा. दगडवाल्याने चित्र पाठवलंय: डावीकडे तू, मधे क्रूस, उजवी बाजू माझ्यासाठी कोरी. तो सारखा फोन करतो. चांगला माणूस आहे, म्हणतो, एवढी बाजू रिकामी वाईट दिसते, तोवर तिथे बायबलचं वचन घालू या का, गुलाबाची वेल घालू या का? मी त्याला आज-उद्या करत राहिले, कारण तुझ्या बाजूला काय लिहायचं तेच मला सुचत नव्हतं. ‘प्रेमळ पती’ लिहिलं तर तूच उठून खोडशील.

उद्या त्याला फोन करते. तुझ्या नावाखाली तुझं कडवं कोरून घेते, मराठीत, काकाकुव्यांसकट, ओळी जशा लांबआखूड आहेत तशाच. उजवी बाजू कोरी. वचन नको, वेल नको. आणि हे दुसरं कडवं मी लिहिणार नाही, शेरललाही लिहू देणार नाही, त्या फोनला तर नाहीच. ते तुझं होतं, ते तुझ्याबरोबर गेलं, आणि त्यात मी होते की नव्हते हे मला आता कधीच कळायचं नाही.

पण लिन बाई म्हणतात, माणूस दुसऱ्या कडव्यात येतं. तर माझी वेळ आली की उजव्या बाजूला माझं फक्त नाव घालायचं, असं शेरलला सांगून ठेवते. तेवढं एक माप मी नक्की भरीन, हे माझं वचन.

तुझी,
अजून चिडलेली,
फिलू